रस्त्यालगतच्या भिंतीतली शिल्पं : पुनर्विकासात त्यांचं काय करायचं?

रानवाटा

आमची पार्ल्यातली सोसायटी पुनर्विकासाला जातेय. इमारत पडणार याचं मला फारसं दुःख नाही. छत गळतं, लिफ्ट नाही, वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचे हाल आम्ही रोज बघतो. माझा जीव अडकलाय तो कुंपणाच्या भिंतीत.

फाटकाच्या डावीकडे, रस्त्याच्या बाजूने या भिंतीत सिमेंटचं उठावशिल्प आहे. भात लावणाऱ्या बाया, जात्यावर बसलेल्या दोघी, बैलजोडी, होडी किनाऱ्याला ओढणारे कोळी. लांबी साधारण पंचवीस फूट, उंची छातीपर्यंत. साठच्या दशकात सोसायटी झाली तेव्हा सभासदांतल्याच एका चित्रकला शिक्षकांनी ते जागेवर घडवलं, असं जुनी माणसं सांगतात. खाली सही नाही. रस्ता रुंद होणार म्हणून भिंत मागे सरकणार, म्हणजे आहे ती पडणारच. बिल्डर म्हणतो, नव्या भिंतीला ग्रॅनाइट लावून देतो.

माझं मत असं, की असं शिल्प जेवढं सोसायटीचं असतं तेवढंच रस्त्याचंही असतं. शाळेत जाणारी पोरं त्या बैलांच्या शिंगांवरून हात फिरवत जातात, शिंगं गुळगुळीत झालीत. हे मोडायचा अधिकार एकट्या आम्हाला आहे असं मला वाटत नाही. अशी भिंत वाचवता येते का? तुमच्या गावात अशी शिल्पं आहेत का, आणि त्यांचं पुढे काय झालं?

भिंगरी

फोटो टाका ना!

रानवाटा

टाकलेत. दुपारच्या उन्हात सपाट दिसतंय. सकाळी तिरपं ऊन आलं की होडी ओढणाऱ्यांचे दंड उठून दिसतात.

गिरणगावकर_जुना

सुंदर आहे हो. हात शिकलेला आहे. बैलाच्या मानेची घडी बघा, ती अंदाजाने येत नाही.

मुंबईत हा प्रकार मोठ्या प्रमाणात बघायचा तर फोर्टात महात्मा गांधी रोडवरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत बघा. मास्टर, साठे आणि भुता या वास्तुविशारदांचं काम, १९३० च्या दशकातलं. भिंतीवरची शिल्पं ना. ग. पानसरे यांची. शिवाजी पार्कचा अश्वारूढ पुतळा घडवणारे तेच पानसरे. दर्शनी भागावर उंचच उंच उभ्या आकृत्या आणि कष्टकऱ्यांची उठावशिल्पं आहेत : शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया. विमा कंपनीच्या दारावर शेठजी न घेता राबणारी माणसं घेतली, तीही स्वातंत्र्याच्या आधी. मी तिथून कामावर जायचो तेव्हा रोज मान वर व्हायचीच.

त्याहून जुनं बघायचं तर क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चं. प्रवेशाच्या कमानींवर शेतकऱ्यांची उठावशिल्पं आहेत, ती लॉकवुड किपलिंगची. हा माणूस १८६५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला होता. तिथून भाजी घेणाऱ्या किती जणांनी वर बघितलंय कोण जाणे.

भिंगरी

मी लहानपणापासून क्रॉफर्डला जातेय, आईचा हात धरून, आता लेकीचा हात धरून. वर कधीच बघितलं नाही, कारण खालची गर्दी. या शनिवारी बघते.

कोकणकडा

सीएसएमटीचं कोरीवकामही जे. जे. च्या विद्यार्थ्यांचं. मोर, माकडं, खारी, पानं. दर्शनी भागावर गोल चौकटींत रेल्वे कंपनीच्या लोकांचे चेहरे आहेत, त्यात आपले नाना शंकरशेटही आहेत. बोरीबंदरला लोकल चुकली की चिडायचं नाही, बाहेर येऊन एक एक प्राणी शोधायचा. माझ्या मुलाने सुट्टीभर हाच खेळ केला.

टिंब

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

न्यू इंडिया किंवा सीएसएमटी ही वारसा यादीतली कामं. त्यांची तुलना सोसायटीच्या कुंपणाशी करून चालणार नाही. रानवाटा यांच्या सोसायटीत निवृत्त माणसं असतील. ती कित्येक वर्षं घराची वाट बघत असणार. भिंत वाचवायला लागणारा पैसा आणि वेळ कोण देणार? शिल्प रस्त्याचंही आहे म्हणता, पण बिल मात्र सभासदांच्या नावावर फाटणार. शहरात माणसं राहतात, आणि प्रत्येक जुनी गोष्ट ठेवायची म्हटलं तर नवी घरं कुठे बांधायची? नीट फोटो काढा, छोटी पुस्तिका करा, आणि भिंत जाऊ द्या.

गिरणगावकर_जुना

टिंब, पैशाचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावता येणार नाही. पण फोटोवरून हात फिरवता येत नाही. उठावशिल्पाचा सगळा जीव सावलीत असतो, आणि सावली दर तासाला बदलते. फोटोत एकच तास उरतो.

मुळाकाठ

पुण्यातलं एक उदाहरण देते. सोमवार पेठेत नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ साली सुरू झालं, १७७० ला प्रतिष्ठा झाली. पुण्यातली बहुतेक पेशवेकालीन देवळं विटा, चुना, लाकूड यांची आणि साधी. हे मात्र अख्खं काळ्या पाषाणाचं, आणि दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली. झुंजणारे हत्ती आहेत, द्वारपाल आहेत. आणि एका पट्ट्यात बंदूकधारी परदेशी शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधताना दाखवलेत! पुण्यात गेंडा कुठून आला? अभ्यासकांचा एक अर्थ असा, की इंग्रजांनी बंगालचा मुलूख घेतला त्याची ही खूण. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे देऊळ बांधलं जात असतानाची. पाथरवटाने ताजी बातमी दगडात कोरली.

गल्लीतून स्कूटर नेताना डावीकडे बघितलं तरी हे दिसतं. इतकं मोलाचं ऐतिहासिक चित्र, आणि दगड आहे म्हणून टिकलं. प्रश्न सिमेंटचा आहे. ते किती टिकतं?

नळदुर्गी

गेंड्याची माहिती नव्हती. जन्म पुण्यात गेला. उद्याच जातो.

जोगेश्वरीचा_भटक्या

रस्ता आणि शिल्प यांचं नातं बघायचं तर दोन मुंबईच्याच गोष्टी सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरच होणार आहे.

पहिली, परळ. १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना तिथे एक प्रचंड शिळा सापडली. सहाव्या शतकाच्या आसपासची, साडेतीन मीटरच्या आसपास उंच. मधला शिव, त्याच्यातून वर उगवणारा दुसरा, त्यातून तिसरा, बाजूंनाही आकृत्या फुटलेल्या, पायाशी वाद्यं वाजवणारे गण. एकाच दगडात शिव वाढत जाताना दिसतो. घारापुरीच्या तोडीचं काम. लोकांनी ती म्युझियमला जाऊ दिली नाही, आजही ती परळच्या बारादेवीच्या देवळात आहे आणि तिची पूजा होते. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात फक्त साचा काढून केलेली प्रतिकृती आहे.

दुसरी, बोरिवलीजवळचं एकसर. तिथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, माणसापेक्षा उंच आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क समुद्रातली लढाई आहे : वल्ह्यांच्या ओळी, जहाजं, पाण्यात पडलेली माणसं. बरेच अभ्यासक ती १२६५ च्या सुमाराच्या लढाईशी जोडतात. देवगिरीचा महादेव यादव विरुद्ध कोकणचा शिलाहार सोमेश्वर. त्यात सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि शिलाहारांचं राज्य संपलं.

ज्यांनी वीरगळ वाचला नाही त्यांच्यासाठी : खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई आणि मरण, त्यावर अप्सरा वीराला घेऊन जातायत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि टोकाला कलश. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो गोधन राखताना पडला असं समजायचं. हे दगड गावाच्या वेशीवर, वाटेवर लावत, कारण ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघायचे होते.

सातपाटील

घाटावर तर वीरगळ मारुतीच्या पाराला टेकवलेले, विहिरीच्या काठाला, शाळेच्या भिंतीत चिणलेले असतात. आमच्या गावात एक सतीचा दगड आहे, काटकोनात वळलेला हात आणि त्यात बांगड्या. त्यावर कितीतरी वर्षं बायका धुणं आपटत. आता लोकांना कळलंय, बाजूला उभा करून ठेवलाय.

मला विचाराल तर असे दगड संग्रहालयात न्यावेत. उघड्यावर शेंदूर, तेल, ऑइल पेंट यांनी त्यांचं वाटोळं होतं.

जोगेश्वरीचा_भटक्या

@सातपाटील, हाच तो वाद. गावाने शेंदूर फासला म्हणून दगड झिजला, आणि गावाने शेंदूर फासला म्हणूनच दगड जागेवर राहिला. ज्यांना कुणी फासला नाही ते पायऱ्यांत, पुलांत आणि जोत्यांत गेले. संग्रहालयात नेलेल्या वीरगळाला क्रमांक मिळतो, पण तो कुठल्या वाटेवर कुणासाठी उभा होता हे तुटतं. परळकरांनी केलं ते मला पटतं : मूळ जागेवर, प्रतिकृती संग्रहालयात.

सातपाटील

परळची शिळा देवळात बंद आहे, छप्पर आहे, कुलूप आहे. आमच्या गावच्या दगडावरून ट्रॅक्टर मागे घेतात. सगळीकडे एकच नियम कसा लागेल? माणसं राखणारी असतील तिथे ठेवा, नसतील तिथून हलवा.

जोगेश्वरीचा_भटक्या

हे मान्य. पण आधी माणसं राखणारी होतील असा प्रयत्न झाला पाहिजे. एक पाटी, शाळेची एक सहल एवढ्यानेही फरक पडतो. आणि कुणाला नवा दगड सापडला तर स्वतः हलवू नका, राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा तहसीलदाराला कळवा. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो.

दगडूशेठची_नात

ऑइल पेंटबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने होतं. गणपती आले, निवडणूक आली, कुणी पुढारी भेट देणार असला, की लोक डबा घेऊन रंगवायला बसतात. शेतकरी निळा, बैल पांढरा, साडी गुलाबी. दगडात आणि चुन्यात पाणी आत जातं आणि बाहेरही येतं. वरून ऑइल पेंट बसला की बाहेर यायची वाट बंद. आत क्षार साठतात, आणि काही पावसाळ्यांनी रंगासकट वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. मग नाक गेलं, बोटं गेली. काळा बेसॉल्ट थोडा दम धरतो, पण पोरबंदरी दगडाचं फार लवकर होतं, तो मऊ चुनखडक आहे. वाळूचा फवारा मारून साफ करणं त्याहून वाईट. साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर, एवढंच लागतं.

रानवाटा, तुमच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात हिरवट रंगाचे थर दिसतायत. ते खरवडू देऊ नका कुणाला.

भिंगरी

भिंत, शिल्प आणि भक्ती यावरून आठवलं. आमच्या गल्लीत लोक भिंतीवर थुंकायचे म्हणून एका काकांनी गणपतीची टाइल बसवली. मग कुणी फूल वाहिलं, कुणी उदबत्ती लावली, आता मंगळवारी आरती असते. भिंत स्वच्छ राहिलीच, वर मोदकही मिळतात.

कोकणकडा

भिंगरी, पत्ता द्या, मंगळवारी येतो.

वसईवाली

गिरगाव, वांद्रे, माझगाव इथल्या गल्ल्यांत भिंतीला लागून किंवा भिंतीतच बांधलेले क्रूस दिसतात. त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या काळातले. साथ थांबावी म्हणून वस्तीने एकत्र येऊन उभारले. आमच्या आजीकडे मे महिन्यात संध्याकाळी अशा क्रूसापाशी सगळी गल्ली जमायची, प्रार्थना आणि मग उकडलेले चणे. शेजारचे हिंदू काकाही मेणबत्ती लावायचे. रस्तारुंदीत यांनाही धोका असतो, म्हणून धाग्याशी संबंध आहे. रस्ता जुना की क्रूस जुना हे बघितलं जात नाही.

हॉर्नबिल_पणजी

गोव्यात घराच्या फाटकाच्या खांबांवर सिंह बसलेले असतात, कुठे कुठे बंदूकधारी शिपाई उभे असतात, छपरावर कोंबडा असतो. गावातल्याच गवंड्याने केलेले. सिंहाचा चेहरा बऱ्याचदा प्रेमळ मांजराचा असतो, कारण गवंड्याने सिंह बघितलेला नसायचा. मला ते फार आवडतात.

खिडकीतून

फोर्टात पेरिन नरिमन स्ट्रीटवर माणेकजी सेठ अगियारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, बघा, मूळची १७३३ ची. दारात माणसाच्या डोक्याचे, पंखांचे बैल. आत परधर्मीयांना जाता येत नाही, पण बाहेरची भिंत सगळ्यांसाठी आहे. रानवाटा म्हणतात तेच, रस्त्याची बाजू रस्त्याची.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत राहतो, इथलं सांगतो. १९५० मध्ये इथल्या संसदेने ठरवलं, की केंद्र सरकारच्या इमारती बांधताना खर्चाचा किमान १ टक्का कलाकृतीसाठी ठेवायचा. युद्धाने कलाकारांना कामं उरली नव्हती, हेही कारण होतं. त्यामुळे त्या काळातल्या साध्या साध्या इमारतींच्या भिंतींवर उठावशिल्पं, मोझॅक दिसतात. माझ्या घराजवळच्या शाळेच्या भिंतीत बगळे आहेत. शिल्प थोर आहे असं नाही, पण मुलं पत्ता सांगताना 'बगळ्यांची शाळा' म्हणतात. टिंब यांनी विचारलं कोण पैसे देणार. बांधकामाच्या अंदाजपत्रकातच सुरुवातीला ओळ असली तर नंतर भांडण होत नाही.

टिंब

हे मला पटण्यासारखं आहे. विमानतळ, मेट्रो, महापालिकेची शाळा, अशा ठिकाणी हा नियम हवा. पण मग उड्डाणपुलाखाली चिकटवलेले ते फायबरचे मावळे आणि वारकरी चालतील का? त्यावर पैसे खर्च होतातच की.

मुळाकाठ

चालायला हरकत नव्हती, घडवणाऱ्याला जागा बघून घडवू दिलं असतं तर. बहुतेक वेळा साचा एकच असतो, फायबरचे तुकडे आणून स्क्रूने ठोकतात आणि कांस्याचा रंग मारतात. त्या भिंतीवर ऊन कुठून येतं, माणूस चालत बघणार की गाडीतून, याचा विचारच नसतो. रानवाटांच्या भिंतीत होडी ओढणारे उजवीकडे, फाटकाच्या दिशेने ओढतायत. चालणाऱ्याच्या बरोबर चालतात ते. घडवणारा त्या फुटपाथवर उभा राहिला होता हे कळतं.

रानवाटा

@मुळाकाठ, इतकी वर्षं बघतेय आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच फाटकाकडे ओढतायत!

सिमेंट_आणि_मी

आता मूळ प्रश्नावर येऊ. मी पुलांच्या दुरुस्तीत काम करते.

सिमेंटबद्दल मुळाकाठ यांनी विचारलं होतं. सिमेंट शिल्पात चांगलं टिकतं. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचं संग्रहालय बघा, त्यांनी सिमेंटमध्ये किती जिवंत कामं केलीत. कांस्य परवडत नाही, संगमरवर मिळत नाही, अशा वेळी सिमेंट जवळचं होतं. सिमेंटचा शत्रू आतलं लोखंड. आत सळी किंवा जाळी असते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सिमेंटचा अल्कलीपणा वर्षानुवर्षं कमी होत जातो, मग लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि वरचा थर फोडतो. फोटोत बैलाच्या पोटाखाली आडवी भेग दिसतेय, ती बहुधा तीच.

वाचवता येतं का? येतं. शिल्पाच्या मागची विटांची भिंत तोडायची नाही, तिच्यासकट कापायचं. आधी प्रत्येक भेगेची नोंद, मग सगळ्या बाजूंनी फोटो काढून संगणकावर त्रिमितीय नकाशा. पुढच्या बाजूला मऊ फोम, त्यावर प्लायवूड, मागे-खाली लोखंडी चॅनेलची चौकट. पंचवीस फूट एकत्र उचलू नये, आकृत्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून तीन-चार भाग करावेत, हिऱ्याच्या दातांच्या करवतीने. हातोडा आणि ब्रेकर अजिबात नको, त्या हादऱ्याने पातळ भाग सुटतात. मग क्रेनने उचलून कोरड्या जागी उभे ठेवायचे, आडवे नाही. नव्या भिंतीत परत बसवताना मागे पाणी साचणार नाही अशी फट ठेवायची, आणि वरून पाणी ओघळू नये म्हणून माथ्याला थोडी पुढे आलेली पागोळी.

एवढं जमलं नाही तर सिलिकॉन रबराचा साचा घेऊन नव्याने ओतता येतं. ती प्रतिकृती असेल, पण माप आणि सावली तीच असेल. साचा मूळ शिल्प शाबूत असतानाच घ्यावा लागतो.

उंबरठा

वा. हा प्रतिसाद जपून ठेवला.

वकीलसाहेब_नाशिक

कायद्याच्या बाजूने. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची आहे, पण ती यादीतल्या इमारतींना आणि परिसरांना. तुमची भिंत यादीत नसेल, आणि शंभर वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे कायदा आपोआप मदतीला येणार नाही. मदत करेल तो तुमचा करार. पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली जी सभा होते तिच्यात शिल्प जपण्याचा ठराव मंजूर करून घ्या, इतिवृत्तात नीट लिहून घ्या. मग विकास करारनाम्यात अट : शिल्प काढणं, साठवणं, विमा, परत बसवणं विकासकाच्या खर्चाने, नव्या भिंतीतली जागा नकाशावर दाखवलेली. ताबा देण्याच्या अटींशी हे जोडा. बिल्डर तोंडी 'बघू' म्हणाला तर त्याला अर्थ नसतो. आणि ग्रॅनाइटचा खर्च तो देणारच होता, म्हणजे पैशाचं दार उघडंच आहे.

टिंब

ग्रॅनाइटचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तेच पैसे वळवले तर सभासदांवर बोजा नाही. माझा आक्षेप मागे.

दगडूशेठची_नात

आणि घडवणाऱ्याचं नाव शोधा. चित्रकला शिक्षक होते म्हणता, तर ज्या शाळेत होते तिथल्या जुन्या हजेरीपटात, वार्षिक अंकात नाव सापडेल. सोसायटीच्या पहिल्या सभासदांच्या यादीत तर नक्कीच. न्यू इंडियावर पानसरे होते हे आपल्याला माहीत आहे. कुंपणावर कोण होतं तेही माहीत असायला हवं.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय, वकीलसाहेब, व्यक्तिगत निरोपात पाठवते, एकदा नजर टाका. सचिव तयार आहेत. खजिनदारांना टिंब यांचा शेवटचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले ग्रॅनाइटचा दर मागवतो. तीन-चार भाग कुठे कापायचे हे ठरवायला @सिमेंट_आणि_मी, तुम्ही एकदा बघायला याल का? जात्यावरच्या दोघींच्या मध्ये मला जागाच दिसत नाही, एकीची कोपर दुसरीच्या गुडघ्यावर आहे.

सिमेंट_आणि_मी

येते. त्या दोघींना वेगळं करायचं नाही, त्यांचा एक भाग, मग वजन जास्त झालं तरी चालेल. तोवर दोन कामं करा. भिंतीच्या मागच्या बाजूला प्लास्टर आहे की उघड्या विटा ते बघून ठेवा, आणि पावसाळ्याआधी त्या आडव्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. भेग वाढतेय की थांबलीय त्यावर आधी काय हात लावायचा ते ठरेल.